दोन रंग, सरळ काठ आणि दुखरा अंगठा

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखते म्हणून दवाखान्यात आल्या. बाटलीचे झाकण उघडताना, किल्ली फिरवताना कळ येत असे. तपासले; अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजला होता. बाहेर रुग्णांची रांग होती. मी विचारले, "काकू, हातांनी कोणते काम जास्त करता?" त्या म्हणाल्या, "विणते. दुसरं काय?" मी औषध लिहून दिले आणि सांगून टाकले, "मग विणणे बंद करा."

काकूंनी ते शब्दशः पाळले. पुढच्या डिसेंबरात त्या पुन्हा आल्या, या वेळी यजमानांना घेऊन. काकांना वीस वर्षांचा मधुमेह. तळपायांची संवेदना बरीच कमी झालेली. नाशिक-निफाडकडच्या थंडीत रात्री पाय गार पडतात म्हणून टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी पायांशी ठेवली होती. झोपेत टॉवेल सरकला. काकांना काही कळले नाही. सकाळी टाचेच्या वर मोठा फोड दिसला. ती जखम भरून यायला सात आठवडे लागले. ड्रेसिंग चालू असताना काकू सहज म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही विणणं बंद केलंत. नाहीतर पिशवीला कव्हर मीच केलं असतं."

त्या वाक्यात तक्रार नव्हती, तरी ते मला लागले. मी स्वतः विणते. दुखऱ्या हातांनीही विणकाम कसे सुरू ठेवता येते, हे सांगायला मला दहा मिनिटे पुरली असती. मी सोपा मार्ग घेतला. त्या वर्षभरात काकूंचे बाहेर जाणे कमी झाले होते, झोप उडाली होती, आणि अंगठा मात्र पूर्वीइतकाच दुखत होता. हा लेख त्या न दिलेल्या दहा मिनिटांची भरपाई आहे.

ही वीण मूळची कुठली?

काकूंना कव्हर दोन रंगांत हवे होते. एकाच ओळीत दोन रंगांची लोकर वापरायची, ज्या रंगाचा टाका नसेल तो धागा मागच्या बाजूने आडवा न्यायचा, ही पद्धत स्कॉटलंडच्या उत्तरेकडील फेअर आइल या छोट्या बेटाच्या नावाने जगभर ओळखली जाते. हे बेट ऑर्कनी आणि शेटलंड या द्वीपसमूहांच्या मधोमध आहे. १९२२ साली तेव्हाचे ब्रिटिश युवराज, म्हणजे पुढचे राजे आठवे एडवर्ड, सेंट अँड्र्यूज येथे गोल्फ खेळताना असा नक्षीदार स्वेटर घालून आले आणि ही वीण एकाएकी फॅशनमध्ये आली.

तिथल्या परंपरेचे दोन नियम आपल्या उपयोगाचे आहेत. नक्षीत एकूण रंग कितीही असले, तरी एका ओळीत दोनच रंग असतात. आणि एक रंग सलग फार टाके चालत नाही, त्यामुळे मागचे आडवे धागे लांब होत नाहीत. मागे धागा फिरल्याने कापड जवळजवळ दुहेरी होते. उबेसाठी आणि उष्ण वस्तू त्वचेपासून दूर राखण्यासाठी हेच हवे असते.

शेटलंडमधील बायका कमरेला भोके असलेला, आत केस भरलेला चामडी पट्टा बांधतात आणि त्यात सुईचे एक टोक रोवून विणतात. सुईचा आणि विणलेल्या कापडाचा भार त्यामुळे मनगटावर येत नाही. डॉक्टर म्हणून मला त्या पट्ट्याचे फार कौतुक वाटते.

मूळ पद्धतीत ही वीण गोल विणतात. गोल विणताना सुलट बाजू सतत समोर राहते आणि काठ हा प्रकारच नसतो. स्वेटरला पुढे उघड हवी असेल तर विणून झाल्यावर चक्क कात्रीने कापतात. वयस्कर हातांना चार-पाच सुया सांभाळणे आणि विणलेले कापण्याचे धाडस करणे, दोन्ही कठीण. त्यापेक्षा दोन सुयांवर सपाट, लहान तुकडे विणणे सोयीचे. मांडीवर ओझे नाही, केव्हाही थांबता येते. मात्र सपाट विणताना दोन अडचणी येतात: उलट ओळीत नक्षी सांभाळणे आणि काठ.

मनाला आणि बुद्धीला काय मिळते?

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश पाहणीत जगभरातील ३,५४५ विणणाऱ्यांनी उत्तरे दिली. जे वारंवार विणतात, त्यांनी शांत आणि आनंदी वाटत असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २०११ च्या अभ्यासात सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या व्यक्तींमध्ये विणकामासारख्या हस्तकला, वाचन, खेळ आणि संगणकाचा वापर करणाऱ्यांत सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण कमी आढळले. यातून विणकाम स्मृतिभ्रंश टाळते असे सिद्ध होत नाही. बुद्धी शाबूत असणारेच विणत राहतात, असेही असू शकते. पण टाके मोजणे, नक्षी लक्षात ठेवणे, चूक शोधून उसवणे आणि शेवटी कुणाच्या तरी उपयोगाची वस्तू हातात येणे, या सगळ्याचा लाभ घेण्यासाठी आपल्याला संशोधनाच्या अंतिम निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आधी हातांची आणि डोळ्यांची सोय

सुरुवातीला दहा मिनिटे कोमट पाण्यात हात बुडवून बोटे हलकेच उघड-मीट करावीत. एका बैठकीत वीस मिनिटांपेक्षा जास्त विणू नये. "एवढी ओळ संपवते" हा मोह घातक आहे, म्हणून मोबाइलवर गजर लावावा. हाताची खुर्ची, कोपरांखाली उशा, पाय जमिनीला टेकलेले, अशी बैठक असावी.

धातूच्या बारीक सुयांपेक्षा बांबूच्या, ४ मिलीमीटर म्हणजे ८ नंबरच्या किंवा त्याहून जाड सुया घ्याव्यात. त्या घसरत नाहीत, त्यामुळे मूठ घट्ट आवळावी लागत नाही. शक्य असल्यास दोन आखूड सुया लवचीक तारेने जोडलेली गोल सुई आणावी आणि तिच्यावर सपाटच विणावे. ओळ संपली की नेहमीसारखे कापड उलटवायचे. सगळे टाके तारेवर मांडीत विसावतात आणि मनगट मोकळे राहते. शेटलंडच्या पट्ट्याचे काम ही तार करते.

रंग निवडताना सौंदर्याइतकाच डोळ्यांचा विचार करावा. मोतीबिंदू असताना काळा, गडद निळा आणि जांभळा हे रंग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. पांढरट आणि लाल, पिवळा आणि गडद हिरवा अशा जोड्या सोप्या जातात. दोन गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढावे. त्यात दोन्ही सारखेच करडे दिसले तर ती जोडी घेऊ नये. उजेड बाजूने आणि हातांवर पडेल असा दिवा ठेवावा.

काठ का बिघडतो?

काकूंनी पुन्हा विणायला घेतले आणि पहिला तुकडा मला दाखवायला आणला. मधली नक्षी देखणी होती. पण डावा काठ आत ओढला गेला होता आणि उजव्या काठाचे टाके लोंबत होते. "वय झालं, हात चालत नाहीत आता," त्या म्हणाल्या. दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर आम्ही तो तुकडा उलटून पाहिला. दोष वयाचा नव्हता, रीतीचा होता.

पहिले कारण: दुसऱ्या रंगाचा धागा काठापर्यंत पोहोचलाच नव्हता. ओळीतला शेवटचा लाल टाका काठापासून चार टाके आत असेल, तर लाल धागा तिथेच थांबतो. कापड उलटवल्यावर तो तिथूनच ओढला जातो. काठाचे चार टाके एकेरी, बाकी कापड दुहेरी. म्हणून काठ पातळ आणि सैल पडतो, किंवा धागा ताणला गेला तर आत वळतो.

दुसरे कारण: ओळीचा पहिला टाका न विणता नुसता दुसऱ्या सुईवर उचलून घेण्याची आपली जुनी सवय. एकरंगी विणकामात त्याने काठ साखळीसारखा सुबक दिसतो. दोन रंगांत मात्र तो एक टाका दोन ओळींवर ताणला जातो, मागचे धागे पकडून ठेवायला काठावर काही उरत नाही, आणि फटी दिसू लागतात.

तिसरे कारण: मागचे आडवे धागे घट्ट ओढलेले. रंग बदलताना उजव्या सुईवरचे टाके जवळजवळ गोळा झालेले असतात. त्याच अवस्थेत धागा नेला तर तो आखूड पडतो आणि कापड सुरकुतते.

काठ सरळ ठेवण्याची रीत

१. नक्षीच्या टाक्यांखेरीज दोन्ही बाजूंना एकेक जादा टाका घ्यावा. हा काठाचा टाका. प्रत्येक ओळीचा पहिला आणि शेवटचा टाका दोन्ही रंगांचे धागे एकत्र धरून विणावा. सुलट ओळीत सुलट, उलट ओळीत उलट. पुढच्या ओळीत तिथे दोन फासे दिसतील. त्यांना एकच टाका मानून एकत्र विणावे. अन्यथा टाके वाढत जातील. काकूंचे दोनदा तसे झाले.

२. दुसरा टाका विणून झाल्यावर दोन्ही धागे एकदा हलके ओढून काठाचा टाका बसवावा. हलके म्हणजे टाक्यातून सुई सहज जाईल इतकेच.

३. रंग बदलण्यापूर्वी उजव्या सुईवरचे टाके बोटाने पसरावेत, मगच नवा धागा न्यावा. एका रंगाचे सलग टाके पाचापेक्षा जास्त असतील तर मधल्या टाक्यापाशी दोन्ही धाग्यांना एकमेकांत एक पीळ द्यावा, म्हणजे मागे लांब फासा राहत नाही. सलग पाचच टाके असलेली नक्षी निवडली तर पिळाचीही गरज नाही.

४. दोन्ही धाग्यांच्या जागा ठरवून घ्याव्यात: नक्षीचा रंग नेहमी खालून, जमिनीचा रंग नेहमी वरून. उलट ओळीतही हाच क्रम ठेवावा. खालून येणाऱ्या धाग्याचे टाके किंचित ठसठशीत दिसतात. क्रम बदलत राहिला तर नक्षी कुठे उठावदार, कुठे फिकी दिसते.

५. ओळ संपल्यावर कापड एकदा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि पुढच्या वेळी उलट दिशेने फिरवावे. एक गुंडा डावीकडे, एक उजवीकडे, वेगवेगळ्या वाडग्यांत ठेवावा. मग धाग्यांचा गुंता होत नाही, आणि तो सोडवताना बोटांवर ताणही येत नाही.

६. बऱ्याच जणींच्या उलट ओळी सुलटपेक्षा सैल येतात आणि कापडावर आडव्या पन्हाळी दिसतात. अशा वेळी उलट ओळीसाठी अर्ध्या मिलीमीटरने बारीक सुई वापरावी. गोल सुईची टोके बदलता येत असतील तर दोन बाजूंना दोन मापांची टोके लावता येतात.

काठाचा दुहेरी टाका थोडा जाड आणि दिसायला ओबडधोबड असतो. त्याची काळजी नको. शिवताना तो आत दुमडला जातो आणि बाहेर नक्षीच नक्षीला भिडते. तुकडा शिवायचा नसेल, काठ उघडाच राहणार असेल, तर विणून झाल्यावर काठावरून टाके उचलून एकरंगी पट्टी विणावी. सोबतच दोन्ही बाजूंना सुलट टाक्यांची पट्टी विणत गेल्यास ती उंचीला कमी भरते आणि कापड गोळा होते.

पिशवीच्या कव्हरसाठी शंकरपाळ्याची नक्षी

ही नक्षी मुद्दाम निवडली आहे. तिची प्रत्येक ओळ उजवीकडून वाचा किंवा डावीकडून, सारखीच येते. त्यामुळे उलट ओळीत दिशा बदलून वाचण्याचा त्रास नाही. सहा टाक्यांची पुनरावृत्ती आणि शेवटी समतोलाचा एक टाका आहे. पां म्हणजे पांढरा, ला म्हणजे लाल.

ओळ १: (१ ला, ५ पां) पुन्हा पुन्हा, शेवटी १ ला.
ओळ २: (१ पां, १ ला, ३ पां, १ ला) पुन्हा पुन्हा, शेवटी १ पां.
ओळ ३: (२ पां, १ ला, १ पां, १ ला, १ पां) पुन्हा पुन्हा, शेवटी १ पां.
ओळ ४: (३ पां, १ ला, २ पां) पुन्हा पुन्हा, शेवटी १ पां.
ओळ ५ ही ओळ ३ प्रमाणे, ओळ ६ ही ओळ २ प्रमाणे. मग पुन्हा ओळ १ पासून.

विषम ओळी सुलट, सम ओळी उलट. ओळी मोठ्या अक्षरांत लिहून घ्याव्यात आणि पुढच्या ओळी पट्टीने झाकून ठेवाव्यात, म्हणजे चालू ओळ आणि विणून झालेल्या ओळी तेवढ्या दिसतात.

आधी नमुन्याचा छोटा तुकडा सपाटच विणून १० सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावे. माझ्या मापाने २२ बसले. पिशवी २० सेंटीमीटर रुंद असेल तर नक्षीचे ८ भाग म्हणजे ४८ टाके, समतोलाचा १ आणि काठाचे २, असे ५१ टाके घ्यावेत. शिवल्यावर रुंदी साधारण २२ सेंटीमीटर भरते. पिशवीच्या खांद्यापर्यंत नक्षी, मग एक सुलट एक उलट अशी पाच सेंटीमीटरची एकरंगी पट्टी. असे दोन तुकडे करून खालची आणि दोन्ही बाजूंची कड काठाचा टाका आत घेऊन शिवावी. तोंडाशी नाडी ओवावी. रिकामी पिशवी घडी करून आत जाते.

शक्यतो लोकर अस्सल घ्यावी. अॅक्रिलिक स्वस्त आणि धुवायला सोपे असले तरी ज्योतीजवळ वितळून त्वचेला चिकटते. अस्सल लोकर सहजी पेट घेत नाही. अस्सल लोकर कोमट पाण्यात न चोळता भिजवावी, टॉवेलात दाबून पाणी काढावे आणि सपाट पसरून सुकवावी. पहिल्या धुण्यानंतर काठ आणि टाके आणखी समतल होतात.

कव्हर असले तरी...

हे वाक्य घरात सर्वांनी वाचावे: ज्यांच्या पायांची संवेदना कमी आहे, त्यांच्या पायांशी गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, कव्हर असले तरी. सुमारे ४४ अंश सेल्सिअसची उष्णता सहा तास त्वचेला लागून राहिली तरी भाजू शकते. जाणीवच नसेल तर माणूस पाय बाजूला घेत नाही. अशांसाठी लोकरीचे सैल मोजे बरे. पण त्यांत दोन रंगांची नक्षी नको. मागच्या आडव्या धाग्यांत पायाची बोटे आणि नखे अडकतात. पिशवीने अंथरूण आधी ऊबदार करावे आणि झोपताना ती काढून घ्यावी.

कंबर किंवा खांदा शेकताना पाणी उकळते नसावे, पिशवी दोन तृतीयांश भरावी, हवा काढून बूच घट्ट करावे, आणि दहा मिनिटांनी त्वचा पाहावी. रबर तडकले असेल तर पिशवी टाकून द्यावी.

काळजी घेणाऱ्यांसाठी

घरातील वयस्कर व्यक्तीने विणकाम सोडले असेल तर कारण विचारावे. दिसत नाही, हात दुखतात, चुका होतात म्हणून लाज वाटते, यांतले बहुतेक दूर करता येते. चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. विस्मरण वाढले असेल तर दोन रंगांचा आग्रह धरू नये. एका रंगात, दोन्ही बाजूंनी सुलट अशी साधी पट्टीही समाधान देते. चुकलेले त्यांच्यासमोर उसवू नये. सुया मोजून जागेवर ठेवाव्यात, अंथरुणात राहू देऊ नयेत.

अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येत असतील, बोट वाकल्यावर अडकून खटकन सुटत असेल, सांधे सुजून गरम होत असतील, किंवा सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, तर विणणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. आणि डॉक्टरांनी "बंद करा" असे सांगितले, तर "किती दिवस? आणि पुन्हा कसे सुरू करू?" हे विचारल्याशिवाय उठू नये. मलाही हे विचारायला हवे होते.

काकूंचा दुसरा तुकडा पहिल्यापेक्षा सरळ आला. पहिला त्यांनी उसवला नाही. तोच कव्हरच्या मागच्या बाजूला लावला. अंगठा अजून दुखतो. रात्री काम करताना त्या अंगठ्याला आधार देणारी पट्टी घालतात आणि दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटे विणतात. पिशवी आता काकांच्या कमरेशी असते आणि झोपण्यापूर्वी काकू ती स्वतः उचलून ठेवतात.